चूलबंद आवतण

काकांच्या शर्टाच्या खिशात मी पेन कधी पाहिला नाही. सोयाबीनचे चार-पाच दाणे मात्र हमखास असायचे. बोलता बोलता एक दाणा दाताखाली जायचा. कट्ट असा आवाज आला की माल वाळलेला, नाही आला की ओला. रिसोडच्या बाजारात तीस वर्षं त्यांनी हर्रास पुकारला, म्हणजे शेतमालाचा लिलाव, आणि निवृत्त झाल्यावर बाजार सुटला तरी दात काही सुटला नाही. माणसांनाही ते त्याच भाषेत मोजायचे. नवा सरपंच? "ओला हाये अजून." बँकेतला साहेब? "वाळला, पन आतून किडका." माझ्याबद्दल त्यांनी माझ्या बाबांना सांगितलं होतं, "पोरगी हुशार हाये तुमची, पन लय ओली." बाबांनी हे मला हसत हसत सांगितलं आणि मी दोन दिवस धुमसत होते.

मी त्यांच्यावर लिहितेय हे त्यांना विचारूनच लिहितेय. म्हणाले, "लिव ना. पन नाव नको टाकू. नाव छापून आलं का लोक साहेब म्हनतात, अन् मंग चहा आपल्यालेच पाजा लागते." म्हणून नाव नाही. आमच्याकडे त्यांना सगळे काकाच म्हणतात, त्यांच्याहून म्हातारी माणसंसुद्धा.

आमची पहिली भेट, काका निवृत्त व्हायच्या आधी, भांडणानेच झाली. माझ्या सिनेमातलं एक दृश्य मला रिसोडच्या बाजारात घ्यायचं होतं. सिनेमा रिठदचा, म्हणजे माझ्याच गावचा. कामाच्या हंगामात घरं रिकामी होतात, बापेमाणसं परमुलखात जातात, तेव्हा मागे राहिलेल्या दोन जावांची गोष्ट. थोरली जाऊ बाजारात सोयाबीन विकायला येते आणि गर्दीत तिला आपलं मन मोकळं करायचं असतं. आता गर्दी खरी, सोयाबीन खरं, जावा खऱ्या, पण मागे काकांचा आवाज असा की बाईचं एक वाक्य ऐकू येईना. मी जाऊन सांगितलं, "काका, जरा हळू पुकारा ना."

"हळू?" त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हर्रास का कानात सांगत असतात का वो बाई?"

शेवटी मीच हरले. त्या दृश्यात थोरली जाऊ ओरडून मन मोकळं करते. पुढे एका समीक्षकाने लिहिलं की ती ओरड म्हणजे दिग्दर्शिकेची फार धाडसी निवड आहे. ते धाडस कोणाचं ते मी त्याला कळवलं नाही.

सिनेमा पुरा झाला आणि तो घेऊन मी मुंबईला गेले. एका वितरकाने पंधरा मिनिटं पाहिला, त्यातली दहा फोनवर बोलण्यात गेली. म्हणाला, छान आहे, पण ही मराठी पुण्यात कळणार नाही. दुसऱ्याने विचारलं, यात ओळखीचं तोंड कुठलं आहे? मी म्हटलं, रिठदमध्ये सगळीच तोंडं ओळखीची आहेत. तो हसला नाही. शेवटी पुण्यात एका थिएटरने एक खेळ दिला, मंगळवारी सकाळी नऊचा. अकरा माणसं आली. त्यातल्या चौघी माझ्या खोलीवरच्या मैत्रिणी, आणि एक गृहस्थ एसीत झोपायला आले असावेत, कारण मध्यंतरात त्यांना उठवावं लागलं.

मी गाशा गुंडाळून घरी आले. पुण्यातल्या एका स्टुडिओने लग्नाचे व्हिडिओ कापायची नोकरी देऊ केली होती. थोडे दिवस मागून घेतले होते, ते फक्त रुसून बसायला. तेवढ्यात काका दारात उभे. आधी आवाज आला, मग काका.

"पिच्चर कुठं लागला?"

"कुठेच नाही, काका."

"मंग कुठं हाये तो?"

"माझ्या पेटीत."

त्यांचा चेहरा खरोखर दुखावला. "माल तयार करून घरात ठेवला? मार्केटात आनलाच नाही? टोके लागतीन ना पोरी त्याले, किडीनं पोखरन!"

मी त्यांना समजावलं की सिनेमाचं मार्केट मुंबईत असतं, थिएटरं भरली असतात, मोठे सिनेमे असतात, आपल्याला जागाच नाही. ते ऐकत होते, दाणा चावत होते. मग उठले आणि बाबांच्या खुंटीवरचं कॅलेंडर काढून आणलं. आमच्या घरात पंचांग नाही, पण कॅलेंडरात लग्नाच्या तिथी असतातच. काकांनी त्यावर बोट फिरवलं. "पाहा. आषाढ, श्रावण, भादवा, आश्विन. एक तरी लग्न हाये का? नाही. मंग मंगल कार्यालयं काय करून राह्यली? झोपून राह्यली. अन् भादव्यात निंदन झालं, डवरनं झालं, सोयाबीन शेंगेवर. कापनी कवा? पुढं. मानूस बी रिकामा, हॉल बी रिकामा. अन् तू म्हनते जागा नाही!"

मुंबईतल्या कोणाही वितरकाला हे सुचलं नसतं. मला तर अजिबातच सुचलं नव्हतं, आणि मी याच जिल्ह्यातली.

पहिला खेळ आमच्या रिठदजवळच्या मंगल कार्यालयात ठरला. प्रोजेक्टर एका कॉलेजातून मागून आणला, खिडक्यांना पोत्यांचा बारदाना लावून दिवसाढवळ्या अंधार केला. लोकांना बोलवायचं काम काकांनी घेतलं. मी फोनवर टाकायला एक सुबक चित्र तयार केलं होतं. त्यांनी ते पाहिलं आणि फोन मला परत दिला. "याच्यानं कोनी येत नाही. घरी जाऊन सांगा लागते."

आणि ते खरोखर घरोघर गेले. सुरुवात कुठून केली तर आमच्या वस्तीपासून. गावात कुठल्याही कार्याचं आवतण आमच्याकडे शेवटी येतं, कधी येतच नाही, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. काका मात्र निळ्या झेंड्यापाशी फटफटी लावून पहिल्या घरात शिरले, "जय भीम" केलं, आणि मग तिथून वरच्या आळीकडे निघाले. वरच्या आळीत एकाने त्यावरून टोमणा मारला. काका म्हणाले, "हर्रासात पयला ढीग कोनाचा? जो पयले लागला त्याचा. मले ते टोक पयले लागलं." मला त्या दिवशी काकांच्या पाया पडावंसं वाटलं होतं. पडले नाही, कारण त्यांनी आरडाओरडा केला असता.

पण याच फेरीत त्यांनी ती प्रसिद्ध चूक केली. आमच्याकडे आवतणाचे प्रकार असतात. घरटी एक माणूस बोलावलं तर ते साधं आवतण. घरातलं लहानथोर सगळं बोलावलं तर चूलबंद आवतण, म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटायचीच नाही. काकांना सगळं गाव हवं होतं. त्यांच्या डोक्यात एवढंच, की कोणी घरी राहता कामा नये. म्हणून ते प्रत्येक दारात आपल्या त्या आवाजात सांगत गेले, "पिच्चरचं आवतन हाये, चूलबंद!"

गाव आलं. दुपारी बाराला सगळं गाव आलं. म्हाताऱ्या आल्या, तान्ही पोरं आली, कोणाचे पाहुणेही आले. हॉल भरला, बाहेर माणसं उभी राहिली, आणि माझे डोळे भरून आले. तेवढ्यात एका आजीने काकांचा सदरा ओढला. "काहो, पंगत पयले का पिच्चर पयले?"

काकांच्या तोंडातला दाणा तोंडातच राहिला. सकाळपासून कोणाच्याही घरी चूल पेटली नव्हती. चारशे माणसं उपाशी बसली होती आणि आमच्याकडे बिस्किटाचा पुडासुद्धा नव्हता.

"पोरी," ते मला बाजूला घेऊन म्हणाले. तीस वर्षांत त्यांचा आवाज एवढा खाली कोणी ऐकला नसेल. "चूक झाली. मी जेवनाचं आवतन देऊन बसलो."

मी म्हटलं, माफी मागून सिनेमा सुरू करू. त्यांनी मान हलवली. "उपाशी मानूस पिच्चर पाहत नाही. तो दरवाजा पाहते." आणि ते खुर्चीवर चढले. चूक लपवली नाही, सरळ पुकारली. "ऐका! चूक माही हाये, या पोरीची नाही. ज्याच्या घरी कनिक असन त्यानं कनिक आना. ज्याच्या वावरात वांगे असन त्यानं वांगे आना. गवऱ्या कोन देते? एक बार, दोन बार..."

कोणीतरी हात वर केला. मग दुसऱ्याने. हर्रासाची सवय सगळ्यांनाच होती. अर्ध्या तासात कार्यालयाच्या मागच्या पत्र्याखाली गवऱ्यांचा ढीग पेटला, आठ-दहा बाया कणीक मळायला बसल्या. आमच्या वस्तीतली माझी मावशी आणि वरच्या आळीतली ती टोमणेवाल्याची बायको एकाच परातीत रोडगे वळत होत्या. रोडगे म्हणजे कणकेचे जाड गोळे, विस्तवात पुरून भाजायचे. त्याला वेळ लागतो, आणि घाई केली की आत कच्चे राहतात. रोडगे राखेत गेले तसे काका पुन्हा खुर्चीवर चढले.

"आता हे भाजेपर्यंत कोनालेच काम नाही. चला, पिच्चर पाहा!"

पावणेदोन तास एक माणूस उठला नाही. सिनेमा संपता संपता काकांनी रोडगे झाल्याचं पुकारलं, आणि पंगत एकच बसली. तेव्हापासून आमची ती रीतच पडली. जिथे जाऊ तिथे आधी गवऱ्या पेटवायच्या, मग पडदा. काका विस्तवापाशी थांबायचे. सिनेमा त्यांनी स्वतः कधी पाहिला नाही. "मी पाहत बसलो तं रोडगे कोन पाहीन?"

जीपचं भाडं, प्रोजेक्टरची ने-आण, हे सगळं कुठून येणार याची मला चिंता. काकांना नाही. कामरगावच्या कार्यालयात स्टेजवर नवरानवरीचा लाल मखमली सोफा होता. मी तो हलवायला सांगितला, कारण पडद्यासमोर येत होता. काकांनी फक्त थोडा बाजूला सरकवला आणि त्याचा हर्रास पुकारला. जो जास्त बोलेल त्याने जोडीने त्यावर बसून सिनेमा पाहायचा. सोफा गेला एका सत्तरीच्या जोडप्याला, एक कट्टा, म्हणजे एक पोतं, सोयाबीनला. काका त्यांना विचारायला गेले की एवढा कट्टा कशाला घातला. आजोबा म्हणाले, "आमच्या लग्नात चटई बी उसनी होती." आजी पदर सावरून बसल्या आणि पूर्ण सिनेमाभर आजोबांना "सरका तिकडं" म्हणत राहिल्या. त्या कट्ट्यावर आमची मागच्या तीन गावांच्या जीपची उधारी फिटली.

हे सगळं ऐकायला गोड वाटतं. पण त्याच कामरगावात माझा तोल गेला. सिनेमाच्या शेवटी धाकटी जाऊ घराला कुलूप लावते आणि किल्ली थोरलीच्या हातात देते. बोलत नाही काही. त्या एका दृश्यासाठी मी चार दिवस घालवले होते. आणि नेमकं तेव्हाच मागून रोडग्यांचा वास आला, आणि अर्ध्या हॉलने पडद्याकडे पाठ केली. कोणी तर ताटं मोजायला लागलं.

पंगत उठल्यावर मी काकांना गाठलं. "हे लोक रोडगे खायला येतात, काका. सिनेमा पाहायला नाही. उद्या पडद्यावर नुसती पांढरी चादर लावली तरी येतील."

हे बोलायला नको होतं. त्यांनी तोंडातला दाणा काढून हातात घेतला, पाहिला, फेकून दिला. चार दिवस आले नाहीत. ज्या माणसाचा आवाज गल्लीच्या तोंडापासून ऐकू येतो तो माणूस येईनासा झाला की घर फार शांत होतं. मी स्टुडिओला होकार कळवून टाकला. सोमवारी हजर होणार होते.

पाचव्या दिवशी आवाज आला. "वाशिमच्या टाकीजवाल्याशी बोलून आलो!"

टाकीजवाल्याने एक खेळ दिला होता, शुक्रवारी दुपारी बाराचा. टाकीज अर्धी भरली तर शनिवारपासून सिनेमा ठेवायचा. नाही भरली तर शनिवारी नवा हिंदी सिनेमा, त्याचे बॅनर येऊन पडलेच होते. तिकीट काढून पाहायचं. रोडगे नाहीत, सोफा नाही.

"नाही भरली तर मी सोमवारी पुण्याला जातेय," मी म्हटलं.

"अन् भरली तं?"

उत्तराची वाट न पाहता त्यांनी फटफटी चालू केली आणि म्हणाले, "रिठदले चाललो. आवतन द्याचं हाये."

"रिठदला कशाला? त्यांनी तर पाहिलाय!"

"म्हनूनच."

"काका, फुकटात पाहिलेला सिनेमा तिकीट काढून परत कोण पाहणार? वाशिममध्ये सांगा, कॉलेजात सांगा. ज्यांनी पाहिला नाही त्यांना बोलवा."

"ज्यानं पाह्यला नाही त्याले काय माहीत माल कसा हाये?" ते म्हणाले. "तूच म्हनली ना, रोडग्याले येतात. मले बी पाहू दे आता. पयल्याच साऱ्या घरी जातो. चांगला असन तं येतीन. नसन तं तू जाय पुन्याले, मी काही म्हनत नाही."

मग मला कळलं की हे चार दिवस त्यांनी माझं बोलणं चावत काढले होते. आणि ही परीक्षा जितकी माझी होती तितकी त्यांचीही.

ते पुन्हा त्याच गावांत, त्याच दारांत गेले. या वेळी आवतण वेगळं होतं. "घरून जेवून या. तिकीट काढा लागते. चूलबंद नाही हां, चूल पेटवून या!" रिठदला कोणीतरी विचारलं म्हणे, जेवण नाही तर आवतण कशाचं? काका म्हणाले, "पिच्चरचं."

शुक्रवारी मी साडेदहालाच टाकीजवर जाऊन बसले. मालक होते, चौकीदार होता, आणि मी. अकरा वाजता कॉलेजची चार मुलं आली, पोस्टर पाहिलं, हिंदी सिनेमा कधी लागणार विचारून गेली. सव्वाअकराला मी मनातल्या मनात पुण्याची बॅग भरली. कुठले कपडे न्यायचे तेही ठरवलं.

मग रिसोडची एसटी आली. स्टँडकडून बायांचा एक घोळका येताना दिसला. पुढे माझी मावशी, तिच्याबरोबर टोमणेवाल्याची बायको, मागे रिठद. त्यांच्यामागे जीप, टपावर माणसं. मग कामरगावची जीप, तिच्यात कारंज्याकडचे कोणाचे तरी सोयरे. "आमी सांगतलं यायले, चाला म्हनून," अशी कामरगाववाले त्यांची ओळख करून देत होते. रांग खिडकीपासून निघाली ती रस्त्यावर गेली.

मी रांगेतल्या एका बाईला विचारलंच. रिठदच्या होत्या, त्या दिवशी कणीक मळायला बसलेल्या. "काकू, तुम्ही तर पाहिलाय ना?"

"कुठं पाह्यला वो माय! ध्यान सारं रोडग्याकडं. ते धाकटी किल्ली देते का नाही, तेवढ्यात हा मानूस वरडला, रोडगे झाले म्हनून. घरी गेल्यावर रातभर तेच, काहून दिली असन तिनं किल्ली? आज भाकर खाऊन आलो. आज निवांत पाहतो."

मी त्या माणसांना नावं ठेवली होती. सिनेमा त्यांच्या डोक्यात गेला होता, घरापर्यंत गेला होता, आणि त्याचा शेवट मागायला ती पदरचे पैसे घेऊन आली होती.

पावणेबाराला खिडकी बंद झाली. चौकीदार 'हाउसफुल्ल'ची पाटी शोधायला गेला तो बराच वेळ आला नाही. मालक म्हणाले, बऱ्याच वर्षांत लागली नाही, कुठे ठेवली आठवत नाही. शेवटी मालकांनी खडूने दारावरच लिहिलं.

आणि मग काका दिसले. पांढरा धुतलेला सदरा, केस पाणी लावून बसवलेले. तेही रांगेत उभे होते. ते तिकीट काढून सिनेमा पाहणार हे मला कोणी सांगितलं नव्हतं. रांगेत सगळ्यात शेवटी, सगळ्यांना पुढे घालत घालत मागे राहिलेले. बंद खिडकीसमोर ते क्षणभर थांबले, मग माझ्याकडे वळले. चेहरा असा की मी घाबरले.

"पोरी," ते ओरडले, "मले तिकीट नाही भेटलं!"

आणि हसायला लागले. एवढे हसले की डोळ्यांतून पाणी आलं. "तिकीट नाही भेटलं वो! मले! माह्याच पिच्चरचं!"

मालक धावत आले. "काका, तुम्ही चला. मी खुर्ची टाकतो मधी."

"खुर्ची टाकशीन तं हाउसफुल्ल कायचं?" काका म्हणाले. "लिवलं ना दारावर? मंग झालं."

तेवढ्यात अजून एक जीप येऊन थांबली. माणसं उतरायला लागली तशी काकांनी हात वर करून त्यांना थोपवलं आणि पुऱ्या मार्केटला ऐकू जाईल असं पुकारलं, "खतम! तिकिटं खतम! उद्या या!"

मालकांनी माझ्याकडे पाहिलं, मी काकांकडे. उद्याचं अजून कोणी काहीच बोललं नव्हतं.

"उद्या किती वाजता?" जीपमधून आवाज आला.

काका मालकांकडे पाहत राहिले. मालकांनी एकदा खडूच्या अक्षरांकडे पाहिलं, एकदा रस्त्यावरच्या माणसांकडे.

"बारा अन् तीन," ते म्हणाले. "दोन खेळ लावतो."

मी तिथेच भिंतीशी उभी राहून पुण्याला फोन लावला. सोमवारी येत नाही म्हणून सांगितलं. पलीकडच्या माणसाने कारण विचारलं.

"उद्या दोन खेळ आहेत," मी म्हटलं.